शंख, नळ्या आणि सासूबाईंचं मौन

माझ्या सासूबाईंचे दात बरीच वर्षं हलत होते, पण त्या हलत्या दातांनीही त्या ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, ठेचा आणि वर मूठभर फुटाणे खात. शेवटी हिरड्या सुजल्या, तेव्हा त्यांना जालन्याला दाताच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी तोंडात बॅटरी मारून पाहिलं आणि ठेवण्यासारखा एकही दात नाही म्हणून सांगितलं. थोड्याथोड्या दिवसांनी जाऊन सगळे दात काढून झाले. कवळी लगेच बसत नाही, हिरड्या भरून याव्या लागतात, त्याला काही महिने जातील, असंही ते म्हणाले.

शेवटच्या खेपेला परत येताना आमच्या देऊळगाव राजाच्या बसमध्ये सासूबाई माझ्या शेजारी तोंडावर पदर धरून बसल्या होत्या. एक शब्द नाही. एरवी जालन्याहून येताना गाव येईपर्यंत अर्ध्या बसची सोयरीक त्यांना पाठ झालेली असे. घरात शिरल्यावर त्यांनी मला दार लावायला लावलं आणि म्हणाल्या, "कवळी येईस्तोर म्या घराभाईर पाय टाकत नाही."

त्यांचं माहेर सोनाळ्याचं. लग्न होऊन इकडे आल्याला उभं आयुष्य झालं, तरी त्यांची बोली तिकडचीच, वऱ्हाडी राहिली. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. माझ्या यजमानांचं खतं-बियाण्यांचं दुकान आहे. दिवसभर आम्ही दोघं बाहेर, आणि सासूबाईंचा दिवस बालाजीच्या देवळात सुरू होऊन गल्लीतल्या शेवटच्या ओट्यावर संपायचा. तो एकदम बंद पडला.

चार दिवसांनी समोरच्या काकू चौकशीला आल्या. मी दारातच "त्यांना जरा…" असं काहीतरी जुळवत होते, तेवढ्यात सासूबाई आतून आल्या. काकूंना पाहून दचकल्या, पदर तोंडावर घेतला, ओठावर बोट ठेवलं आणि हात जोडले. मला वाटतं त्यांना "आत्ता नको, नंतर ये" एवढंच म्हणायचं होतं. काकू मात्र एकदम गंभीर झाल्या.

"मौन धरलं व्हय?"

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं, छताकडे पाहिलं आणि मान डोलावली. काकूंनी वाकून नमस्कारच केला.

दुसऱ्या दिवसापासून आमच्याकडे बायकांची रीघ लागली. कुणी केळी आणली, कुणी नारळ. खरं म्हणजे गल्लीतल्या बायकांना इतक्या वर्षांत सासूबाईंपुढे एकही वाक्य पूर्ण करायला मिळालं नव्हतं. आता समोर बसून हवं तेवढं बोलता येत होतं, आणि ऐकणारी बाई ते कुठे सांगणार नव्हती. बायका मन मोकळं करायला लागल्या. सुनांबद्दल, जावांबद्दल, नवऱ्यांबद्दल. सासूबाई खाटेवर पदरात तोंड लपवून बसायच्या. डोळे असे चमकत की समोरच्या बाईला ते तपाचं तेज वाटायचं.

मी शाळेतून आले की दार लागायचं आणि सगळं बाहेर पडायचं. बिनदातांच्या तोंडून ‘स’ म्हणायला गेल्या की नुसती हवा निघे, त्यामुळे अर्धं मला कळतच नसे. पण एक गोष्ट कळली. समोरच्या काकूंच्या कुरडयांचं गल्लीत मोठं नाव होतं. दरवर्षी त्या प्रत्येक घरी डबा भरून कुरडया पाठवायच्या आणि "हाताला फोड येतात बाई करताना" म्हणायच्या. त्याच काकूंनी मौनापुढे डोळ्यांत पाणी आणून कबूल केलं होतं की कुरडया त्या जालन्याहून विकत आणतात.

"इकत!" सासूबाई खाटेवर हात आपटून म्हणाल्या. "आन् मले सांगते, चीक शिजोताना उन्हानं चक्कर आली म्हून. आता हे म्या कोनाले सांगू? मौनात हावो नं म्या!"

बोलण्याची सोय अशी दार लावून होत होती. पण खाण्याचं काय करायचं, ते आम्हाला सुचेना. वरण-भात, गुरगुट्या भात, दुधात कुस्करलेली भाकरी, सांजा, पुन्हा वरण-भात. काही आठवड्यांनी त्या ताटाकडे पाठ करून बसू लागल्या. म्हणायच्या, "म्या काय बाळंतीन हावो?"

माझी मुलगी जालन्याला कॉलेजात आहे, शनिवारी घरी येते. एका शनिवारी तिने पास्ता केला. पीळ असलेला, स्प्रिंगसारखा. दूध-मैद्याचा पांढरा सॉस, लसूण, चीज. सासूबाईंनी आधी वास घेतला, मग एक तुकडा तोंडात टाकला, बराच वेळ इकडून तिकडे फिरवला आणि ताट पुढे केलं.

"काय व्हय वं हे?"

"पास्ता, आजी."

"इस्प्रिंगावानी हाय. जिभीनं दाबलं का दबते, सोडलं का उघडते. तोंडात काहीतरी हाय असं तरी वाटते."

त्या दिवसापासून घरात पास्ता हा शब्दच राहिला नाही. सगळं ‘इस्प्रिंग’.

इस्प्रिंग मिळायचा गल्लीच्या तोंडाशी असलेल्या किराणा दुकानात. दुकानदार माझ्या सासऱ्यांचे जुने मित्र. सगळं गाव त्यांना चाचा म्हणतं. सासूबाई तेवढ्या भाऊजी म्हणतात, आणि ते त्यांना भाभी. मुलांच्या डब्यांसाठी चाचांनी दोन-तीन प्रकारचा पास्ता पोत्यात सुटा ठेवला होता. मी आठवड्याचं माप एकदम न्यायची. मौनातल्या बाईला हा आहार लागतो हे मी चाचांना सांगितलं नव्हतं. माझ्या मुलीला आवडतो, एवढंच म्हटलं होतं.

उन्हाळा लागला आणि इस्प्रिंग संपला.

"खतम, मॅडम. माल आला नाही जालन्याहून," चाचा म्हणाले. "शंख घेऊन जा. आटा तोच, साचा बदलते फक्त. फरक कायबी नाही."

मलाही ते पटलं. पीठ एक, पाणी एक, शिजायला वेळ जवळजवळ तेवढाच. मी शंख आणले, सॉस तोच केला आणि ताट पुढे ठेवून स्वयंपाकघरात वळले. मागून विचित्र आवाज आला. पाहते तर सासूबाई डोळे मोठे करून खाटेवर उभ्या, बोट तोंडात.

शंख टाळूला चिकटला होता. दात नाहीत, मधे अडवायला काही नाही. जिभेने दाबला तशी त्यातली हवा गेली आणि तो पक्का बसला. त्यांना बोलता येईना. मी "पाणी प्या, पाणी प्या" करत होते आणि त्या हाताने "प्यायचं कसं?" विचारत होत्या. नेमकं त्याच वेळी दारात गल्लीतली कुणी बाई डोकावली, सासूबाईंना खाटेवर तशा उभ्या पाहून हात जोडले आणि पाऊल न वाजवता निघून गेली. शेवटी मी चमच्याच्या दांड्याने शंख सोडवला.

"मले मारतं का?" श्वास आल्यावर त्यांनी विचारलं.

"आई, पीठ तेच आहे."

"पीठ तेच हाय तं चिकटला काऊन?"

मी उरलेले शंख ताटासकट उचलून नेले.

पुढच्या वेळी चाचांनी बाकदार मॅकरोनी दिली. ती चिकटण्यासारखी नव्हती. पण जेवायला यजमानही बसले होते, आणि ते ताटाकडे बघून सहज बोलून गेले, "अरे, ही तर बोंडअळी!" कपाशी पिकवणाऱ्या घरातल्या बाईला यापुढे काही सांगायची गरज नव्हती. सासूबाईंनी चमचा खाली ठेवला. "जल्मभर फवारलं हिच्यावर," म्हणाल्या, "आता ताटात घेऊन बसू?" मी यजमानांकडे पाहिलं. ते खाली मान घालून अळ्या खात राहिले.

मग नळ्या आल्या. तिरप्या कापलेल्या, बोटाएवढ्या. या वेळी मी सावध होते. नीट मऊ शिजवल्या, समोर बसले. पहिली नळी त्यांनी हिरड्यांत धरून दाबली आणि नळीतला सगळा सॉस समोरच्या टोकातून सरळ माझ्या साडीवर आला. शाळेत त्या दिवशी तपासणीला साहेब येणार होते, मी चांगली साडी नेसले होते. सासूबाईंनी साडीकडे पाहिलं, नळीकडे पाहिलं आणि मग त्यांना असं हसू फुटलं की दात गेल्यापासून पहिल्यांदाच त्या पदर न धरता हसल्या. मला रागवावंसं वाटत होतं, पण जमलं नाही. दुसरी साडी नेसून येईपर्यंत त्यांनी आणखी दोन नळ्या भिंतीच्या दिशेने रिकाम्या केल्या होत्या.

खाल्ली मात्र एकही नाही.

यजमानांनी आपल्यापरीने इलाज केला. जालन्याला बियाण्याच्या कामाने गेले होते, तिथून लांब काड्यांचा पास्ता घेऊन आले. मी तो मोडून शिजवला. सासूबाईंना वाटलं शेवया आहेत. त्यांनी मोठ्या आशेने घास घेतला, आणि गूळ-दुधाच्या जागी लसूण लागला. "शेवयात लसून!" एवढंच म्हणाल्या. त्या दिवशी रात्री त्या नुसतं दूध पिऊन झोपल्या. सकाळी उठल्यावर मी पाहिलं, तर चेहरा खरोखर उतरला होता. गंमत संपली होती. बाई वाळत चालली होती, आणि मी बाईच्या ताटात दर वेळी दुसराच आकार टाकून "पीठ तेच आहे" म्हणत होते.

"आज चाचांना मी नीट सांगते," मी म्हटलं.

"तू काय सांगतं? तू गेली का शंख घेऊन येतं." त्या उठल्या. चपला शोधू लागल्या. "म्या जाते."

"आई, मौन?"

त्यांनी ऐकलं नाही. आठवडी बाजाराचा दिवस, रस्त्यावर गर्दी. त्या पुढे, मी मागे. वाटेतल्या बायका बाजूला होऊन हात जोडत होत्या, आणि सासूबाई कुणाकडे न पाहता चालल्या होत्या. त्यामुळे सगळ्यांना आणखीच काहीतरी वाटत होतं. दोघी-तिघी मागून यायला लागल्या.

दुकानात सात-आठ गिऱ्हाइकं होती. समोरच्या काकू साबुदाणा घेत होत्या. सासूबाईंना पाहून सगळे मागे सरकले. चाचांनी तराजू खाली ठेवला. आणि इतक्या महिन्यांचं मौन माझ्या सासूबाईंनी तिथे सोडलं.

"भाऊजी, इस्प्रिंग काऊन देऊन नाही राह्यले तुम्ही?"

मागे आलेल्या बायकांपैकी एकीने दुसरीला हळूच विचारलं, "काय म्हणाल्या?" दुसरी म्हणाली, "काहीतरी संस्कृत असेल."

"भाभी," चाचा सावरून म्हणाले, "तुम्ही बोलून राहिल्या?"

"बोलू नाही तं काय करू? तुमचा शंख टाळूले चिकटून जीव जाऊन राह्यला होता माहा!"

तावातावात पदर सुटला. सगळ्यांना तोंड दिसलं. समोरच्या काकूंच्या हातातली साबुदाण्याची पुडी तशीच राहिली.

"अगं बाई! दातच नाहीत!" काकू म्हणाल्या. मग त्यांच्या लक्षात सगळं येत गेलं. "म्हणजे मौन-बिन काही नव्हतंच व्हय! आम्ही पाया पडलो, केळी आणली…"

सासूबाई सावकाश त्यांच्याकडे वळल्या. "केळी भेटली," म्हणाल्या. "नारळ भेटला. गेल्या साली कुरडयाबी भेटल्या."

बाकी कुणाला यात काही वावगं वाटलं नाही. काकू मात्र पांढऱ्या पडल्या. त्यांच्या पाठोपाठ मागच्या बायकांच्याही ध्यानात आलं की आता ही बाई बोलणार आहे. खाटेसमोर बसून आपण काय काय सांगितलं ते एकेकीला आठवत गेलं असावं. दुकान बघता बघता रिकामं झालं. सासूबाई समोरच उभ्या असल्यामुळे काकूंना तेवढं जाता आलं नाही.

सासूबाईंनी पुन्हा पदर तोंडावर घेतला होता आणि आता त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. एवढ्या लोकांत तोंड उघडं पडलं होतं. मी त्यांचा हात धरून निघायला लागले, तेवढ्यात चाचा म्हणाले, "भाभी, इकडे पाहा."

त्यांनी तोंडात दोन बोटं घातली आणि वरची सगळी कवळी काढून तळहातावर ठेवली. इतकी वर्षं आम्ही त्या दुकानात जात होतो, कुणाला पत्ता नव्हता.

"मेरे भी नहीं," ते म्हणाले. आता त्यांच्याही ‘स’ची हवा होऊ लागली होती. "मलेबी शंख चिकटला होता. बिवी घाबरून रडायला लागली."

"मंग आमाले काऊन देल्ला?"

"धंदा आहे, भाभी. पडून होता."

सासूबाई पदराआड हसायला लागल्या. चाचाही हसायला लागले. दोन बोळकी समोरासमोर. चाचांनी स्टूल पुढे केलं, चहा सांगितला. इस्प्रिंग पुढच्या आठवड्यात नक्की आणतो म्हणाले.

"तवरोक म्या काय खाऊ?"

चाचांनी जरा विचार केला. "भाभी, भाईसाब होते तेव्हा उन्हाळ्यात ते डबा घेऊन दुकानात यायचे नं, जेवायला. त्यात तुमच्या हातचं काहीतरी असायचं. काडीवर गुंडाळलेलं, आमरसात. आम्ही दोघं खायचो. ते काय होतं?"

सासऱ्यांच्या डब्यातलं कोण खात होतं हे त्यांना आजवर माहीत नव्हतं.

"सरगुंडे," त्या म्हणाल्या. मग एकदम, "माय माय! इस्प्रिंग म्हंजे सरगुंडेच तं हाय!" आणि काकूंकडे वळून, "उद्या सकायी गच्चीवर येजो. सरगुंडे करू. तुले कुरडयाचा सराव हाय, तुले काय जड!"

काकू आल्या. न येऊन सांगतात कुणाला. गव्हाचं सपीट भिजवून त्याची बारीक दोरी वळायची आणि ती काडीवर पीळ देत गुंडाळायची, मग अलगद सरकवून उन्हात टाकायची. सासूबाईंच्या काडीवरून एकसारखे पीळ उतरत होते. काकूंच्या काडीवरचं प्रकरण सुतळीसारखं दिसत होतं आणि सरकत नव्हतं. मी त्यांच्याहून बरी नव्हते. सासूबाई मात्र कुरडयांबद्दल एक अक्षर बोलल्या नाहीत. काकूंच्या मागे बसून त्यांचे हात हातात धरून दाखवत राहिल्या. "असं नाही वं. अंगठा ढिल्ला ठेव."

वाळायला दोन-तीन उन्हं तरी हवी होती. सासूबाईंना दुपारपर्यंतही धीर निघेना. "वरून वाळले," म्हणाल्या, "टाक पाण्यात." मी टाकले, आणि मग मुलीने शिकवलेल्या पांढऱ्या सॉसमध्ये ढवळले. पातेल्यात सरगुंडे विरघळत गेले. आम्ही तिघी बघत होतो आणि ते एकेक करून दिसेनासे होत होते. शेवटी उरली ती शाळेत तक्ते चिकटवायला लागते तशी खळ, त्यात लसूण.

यजमान जेवायला आले. "आज काय?"

"सरगुंडे. पास्त्याच्या ऐवजी," मी म्हणाले.

त्यांनी पातेल्यात पळी घातली. पळी उभी राहिली. "आणि ह्याच्या ऐवजी काय?" त्यांनी विचारलं.

काकूंनी घरी जाऊन पिठलं आणलं. ते सगळ्यांनी खाल्लं.

गच्चीवर उरलेले सरगुंडे मात्र चांगले कडकडीत वाळले. शनिवारी मुलीने ते तिच्या पद्धतीने केले, आणि पीळ शाबूत राहिले. चाचांकडे एक डबा गेला, त्यांच्या घरून शीर-खुर्म्याचा वाडगा आला. सासूबाईंनी सरगुंडे पांढऱ्या सॉसबरोबर पोटभर खाल्ले आणि निकाल दिला, "बरे हायेत. पन सरगुंड्याले आमरसच पाह्यजे. ह्या सॉसाले इस्प्रिंगच." दुसऱ्या दिवशी इस्प्रिंगचं पोतं आल्याचा चाचांचा फोन आला तेव्हा त्या चपला घालून तयार होत्या.

त्यानंतर त्या घरात बसल्या नाहीत. दात नसतानाच देवळात जायला लागल्या. लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. गल्लीतल्या बायकांना काही दिवस फार जपून राहावं लागलं, पण सासूबाईंनी कुणाचं काही उघड केलं नाही. मी एकदा विचारलं, तर म्हणाल्या, "मौनात ऐकलं ते मौनातच राहू दे." मला खूप बरं वाटलं. मग म्हणाल्या, "आन् एकीचं सांगतलं का बाकीच्या पुन्हा येत नाहीत नं."

पावसाळ्याच्या सुमाराला कवळी मिळाली. बाहेर जाताना त्या ती आवर्जून लावतात. जेवताना काढून वाटीत ठेवतात, कारण तिच्याने चव कळत नाही म्हणे.

परवा आम्ही दोघी जालन्याला गेलो होतो, तर एका मोठ्या दुकानात पास्त्याची अख्खी फळी लागलेली. सासूबाई तिच्यासमोर बराच वेळ उभ्या राहिल्या. चाकं होती, शंख होते, नळ्या होत्या. त्यांनी फुलपाखरांचं पाकीट उचललं.

"आई, इस्प्रिंग आहे की इथे."

"हाव, दिसते मले." त्यांनी पाकीट उजेडात धरून आतलं एक फुलपाखरू निरखलं. "हे मधात चिमटलेलं हाय. मधी कच्चं राहीन."

"मग नको घेऊ या."

"घे. पाहू तं खरं."

घरी आल्यावर शिजवलं. मधली गाठ कच्चीच राहिली. त्यांनी एकेका फुलपाखराचे दोन्ही पंख खाल्ले आणि गाठी ताटाच्या कडेला लावून ठेवल्या. यजमानांना अन्न टाकलेलं चालत नाही. ते शेजारी बसून त्या गाठी एकेक उचलून कडाकडा चावत होते, आणि सासूबाई त्यांच्याकडे मोठ्या कौतुकाने पाहत होत्या.

"दात चांगले हायेत बाप्पा तुहे," त्या म्हणाल्या. "सांभाळजो."